विमान स्वतःचा बिघाड सांगते, मग अभियंत्याला काय शिकावे लागते?

नव्या विमानांच्या मोठमोठ्या मागण्या नोंदवल्याच्या बातम्या येतात आणि त्यांच्या पाठोपाठ ती विमाने सांभाळणाऱ्या परवानाधारक अभियंत्यांची टंचाई असल्याच्या बातम्याही येतात. वाचणाऱ्याला त्यात विसंगती वाटणे साहजिक आहे. विमान कंपनीकडे वर्षानुवर्षे काम केलेले अभियंते असतातच. मग नवे विमान ताफ्यात आले की त्यांनीच ते सांभाळायला अडचण कसली? शिवाय आजचे प्रवासी विमान आपल्या यंत्रणांवर सतत लक्ष ठेवते आणि काही बिघडले तर कॉकपिटमधल्या पडद्यावर तसे दाखवतेही. तरीही अनुभवी माणसाला पुन्हा काही आठवडे वर्गात बसवले जाते, परीक्षा घेतली जाते आणि त्यानंतरच त्या विमानावर सही करण्याची वाट मोकळी होते. या प्रशिक्षणाला ‘टाइप ट्रेनिंग’ म्हणतात. विमानाच्या एका विशिष्ट प्रकाराची देखभाल करून ते उड्डाणास योग्य आहे असे प्रमाणित करता यावे, यासाठी त्या प्रकारापुरते दिले जाणारे प्रशिक्षण असा त्याचा अर्थ. विमान स्वतःबद्दल जितके अधिक बोलू लागले आहे, तितके हे प्रशिक्षण अधिक खोल असण्याची गरज वाढली आहे, असे माझे मत आहे. त्याची कारणे यंत्राच्या रचनेतच आहेत.

परवाना, टाइप रेटिंग आणि सहीचा अधिकार

देखभाल अभियंत्यांच्या परवान्यांसाठी जगभरचा किमान पाया १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलेला आहे. त्यावर प्रत्येक देश किंवा देशांचा गट स्वतःची नियमावली उभारतो. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेची, म्हणजे ‘ईएएसए’ची ‘पार्ट-६६’ ही नियमावली त्यांत बरीच तपशीलवार आहे, आणि भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची ‘सीएआर-६६’ त्याच धर्तीवर बेतलेली आहे. या लेखातले आकडे ईएएसएच्या नियमावलीतले आहेत.

या नियमावलीत मोठ्या जेट विमानांवर काम करणाऱ्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत. ‘बी१’ वर्गातला अभियंता विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक यंत्रणा आणि विद्युत यंत्रणा पाहतो. ‘बी२’ वर्गातला अभियंता विद्युत यंत्रणांबरोबरच एव्हिऑनिक्स पाहतो, म्हणजे दिशादर्शन, दळणवळण, ऑटोपायलट यांसारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मूळ परवान्यासाठी विषयवार परीक्षा द्याव्या लागतात आणि त्यांच्या जोडीला चालू विमानांवरचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त संस्थेचा मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास तो २ वर्षांचा, तर कोणतेही संबंधित तांत्रिक प्रशिक्षण नसलेल्यास ५ वर्षांचा असावा लागतो.

एवढे झाल्यावर हातात येणारा परवाना मोठ्या प्रवासी विमानाच्या बाबतीत जवळजवळ कोरा असतो. त्यावर विशिष्ट प्रकाराची नोंद, म्हणजे ‘टाइप रेटिंग’, झाल्याशिवाय त्या विमानावरील कामाला बी१ किंवा बी२ अभियंता म्हणून प्रमाणित करता येत नाही. आणि रेटिंग मिळाले तरी तेवढ्यावर भागत नाही. ज्या देखभाल संस्थेत तो काम करतो, तिने आपल्या कार्यपद्धतीची त्याला असलेली माहिती, त्याचा अलीकडचा अनुभव आणि क्षमता तपासून त्याला लेखी अधिकारपत्र द्यावे लागते. परवाना आणि रेटिंग सरकारी यंत्रणा देते, सहीचा अधिकार संस्था देते. दोघांपैकी कोणा एकाचा जरी होकार नसेल, तरी विमान ‘रिलीज’ करता येत नाही, म्हणजे काम नियमानुसार पूर्ण झाले असून विमान सेवेत जाण्यास योग्य आहे असे प्रमाणपत्र देता येत नाही.

दीडशे तास वर्गात नेमके काय चालते?

कमाल उड्डाण वजन ३०,००० किलोपेक्षा अधिक असलेल्या जेट विमानासाठी बी१ अभियंत्याला किमान १५० तासांचे आणि बी२ अभियंत्याला किमान १०० तासांचे वर्गशिक्षण नियमाने ठरवून दिले आहे. एअरबस ए३२० हे विमान मध्यम आकाराचे समजले जात असले, तरी वजनाच्या या रेषेच्या ते बरेच पलीकडे आहे. तास म्हणजे पूर्ण ६० मिनिटांचे शिकवणे. मधल्या सुट्ट्या, उजळणी, परीक्षा आणि विमान पाहण्यासाठी दिलेली भेट हे सर्व त्यातून वगळलेले असते. दिवसाला ६ तासांहून अधिक शिकवलेले धरत नाहीत, म्हणून १५० तासांना किमान २५ दिवस लागतातच. उपस्थिती किमान ९० टक्के असावी लागते आणि परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात.

अभ्यासाची मांडणी ‘एटीए’ क्रमांकांनुसार होते. विमान उद्योगाने प्रत्येक यंत्रणेला एक प्रकरण क्रमांक दिलेला आहे आणि तो सर्व निर्मात्यांसाठी सारखाच असतो: वातानुकूलन २१, विद्युत पुरवठा २४, उड्डाण नियंत्रण २७, इंधन २८, हायड्रॉलिक्स २९, लँडिंग गिअर ३२. बोइंग असो वा एअरबस, ३२ हा आकडा दिसला की अभियंत्याचे लक्ष चाकांकडे जाते. या एका सोयीमुळे एका विमानावर शिकलेला माणूस दुसऱ्या विमानाच्या कागदपत्रांत हरवत नाही.

प्रत्येक यंत्रणा किती खोलात शिकायची, यासाठी तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत ओळख होते. दुसऱ्या पातळीत नियंत्रणे, निर्देशक, मुख्य भागांच्या जागा, इंधन-तेल भरण्यासारखी नेहमीची कामे आणि किरकोळ बिघाड शोधणे येते. तिसऱ्या पातळीत यंत्रणा पूर्णपणे समजून घेऊन गुंतागुंतीचा बिघाड शोधता येणे आणि भाग बदलल्यानंतर करायच्या चाचण्यांचे निकाल लावता येणे अपेक्षित असते. बी१ अभियंता लँडिंग गिअर तिसऱ्या पातळीवर शिकतो, तर दिशादर्शन त्याहून कमी खोलात. बी२ अभियंत्याचे नेमके उलटे असते.

विमान स्वतःच बिघाड सांगते, मग शोधायचे काय उरते?

हा आक्षेप सर्वांत अधिक ऐकू येतो आणि तो तितकाच गंभीरपणे घ्यायला हवा. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए३२० मध्ये बिघाडांची माहिती एकत्र करणारी मध्यवर्ती यंत्रणा आहे. उड्डाण संपल्यावर ती एक अहवाल तयार करते. वैमानिकांना कोणते इशारे दिसले, कोणत्या संगणकाने कोणता दोष नोंदवला आणि किती वाजता, हे त्यात एटीए क्रमांकांसह असते. वरवर पाहता काम सोपे आहे: अहवालात ज्या भागाचे नाव आले, तो भाग बदलावा.

अडचण अशी की संगणकाला फक्त त्याच्यापर्यंत पोहोचलेला विद्युत संकेत कळतो. तापमापक ताप किती आहे ते अचूक दाखवतो, पण ताप कशाने आला हे त्याला ठाऊक नसते. विमानातल्या संदेशाचेही तसेच आहे. एखाद्या सेन्सरकडून अपेक्षित संकेत आला नाही की संगणक सेन्सरचे नाव लिहितो. प्रत्यक्षात दोष सेन्सरमध्ये असेल, मधल्या तारेत असेल, जोडणीत शिरलेल्या ओलाव्यात असेल, त्या सेन्सरला मिळणाऱ्या विद्युत पुरवठ्यात असेल किंवा संकेत वाचणाऱ्या संगणकातच असेल. यांतली कोणती शक्यता आधी तपासायची, हे त्या विमानाची जोडणी ठाऊक असल्याशिवाय ठरवता येत नाही.

ए३२० मधलेच उदाहरण घेऊ. विमान जमिनीवर आहे की हवेत, हे अनेक यंत्रणांना सतत कळावे लागते. ही माहिती लँडिंग गिअरवरील सेन्सर देतात आणि दोन संगणक ती इतर यंत्रणांपर्यंत पोहोचवतात. यांतला एखादा सेन्सर चुकीचा संकेत देऊ लागला, तर लँडिंग गिअरशी वरकरणी काहीच संबंध नसलेल्या यंत्रणाही तक्रार करू शकतात. हे नाते ज्याला माहीत आहे, तो चार संदेश वाचून एका जागी जातो. ज्याला माहीत नाही, तो चार ठिकाणी चार भाग बदलतो आणि दोष तिथेच राहतो. याच नात्याची दुसरी बाजू सुरक्षेची आहे. देखभालीसाठी विमान जॅकवर उचलले की चाकांवरचा भार जातो, विमान हवेत असल्याचा संकेत तयार होतो आणि काही यंत्रणा त्यानुसार वागू लागतात. आसपास माणसे काम करत असताना कोणती यंत्रणा आधी बंद करून ठेवायची, हे शिकवणे टाइप ट्रेनिंगचाच भाग आहे.

अधूनमधून उद्भवणारे दोष सर्वांत कठीण असतात. उंचावरची थंडी आणि कंप यांत प्रकट होणारा दोष जमिनीवर चाचणी घेताना दिसेनासा होतो. चाचणी ‘ठीक’ म्हणते आणि विमान पुढच्या उड्डाणाला जाते. २८ डिसेंबर २०१४ रोजी इंडोनेशियाजवळ समुद्रात कोसळलेल्या एअरएशियाच्या क्यूझेड८५०१ या ए३२० विमानाचा अधिकृत तपास अहवाल या दृष्टीने प्रत्येक देखभाल अभियंत्याने वाचावा असा आहे. त्या विमानाच्या रडरची, म्हणजे विमानाचे नाक डावीउजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरील उभ्या पट्ट्याची, हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या भागातल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवरील एका सोल्डर जोडाला तडा गेला होता. आधीच्या १२ महिन्यांत या यंत्रणेच्या २३ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, तरी दोषाचे मूळ निघाले नव्हते. अपघाताच्या उड्डाणात हाच इशारा वारंवार आला. संबंधित संगणकांचे सर्किट ब्रेकर हवेतच ओढले गेल्याने, म्हणजे त्यांचा वीजपुरवठा तोडला गेल्याने, ऑटोपायलट सुटला, विमान एका बाजूला कलले आणि त्यानंतर वैमानिकांना ते सावरता आले नाही. १६२ जणांचा मृत्यू झाला. हाच ब्रेकर काही दिवसांपूर्वी जमिनीवर एका अभियंत्याने ओढून पुन्हा बसवल्याचे कॅप्टनने पाहिले होते, असेही अहवालात नमूद आहे. अपघाताची कारणे अनेक होती आणि त्यांत वैमानिकांच्या प्रतिसादाचा वाटा मोठा होता. परंतु संगणक बंद करून चालू केल्यावर संदेश जाणे आणि दोष जाणे या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत, हे देखभालीच्या बाजूने त्यातून घ्यायलाच हवे. ‘स्नॅग’, म्हणजे वैमानिकाने विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत (टेक लॉगमध्ये) लिहिलेली तक्रार, तिसऱ्यांदा आली की रीसेट हे उत्तर राहत नाही.

सगळे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असताना डोक्यात कशाला ठेवायचे?

अभियंत्याने आठवणीवर विसंबून काम करू नये, हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. प्रत्येक काम देखभाल मॅन्युअलच्या चालू आवृत्तीतून करायचे असते. मग परीक्षा पुस्तक मिटून का घेतात?

मॅन्युअल हजारो पानांचे असते आणि त्यातली प्रत्येक सूचना प्रत्येक विमानाला लागू नसते. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या दोन विमानांत वेगवेगळे सुधारित भाग बसवलेले असू शकतात, म्हणून सूचनेवर ती कोणत्या विमानांना लागू आहे हे लिहिलेले असते. योग्य पान उघडण्यासाठी, आणि उघडलेले पान आपल्या विमानाचे आहे का हे ओळखण्यासाठी, यंत्रणा आधी समजलेली असावी लागते.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच उड्डाणानंतर काही मिनिटांत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी धरून ठेवल्याने तो वाचला. आदल्या दिवशी बसवलेल्या त्या काचेच्या ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास आवश्यकतेपेक्षा ०.०२६ इंच कमी होता. काम करणारा माणूस अनुभवी होता, पण त्याने सुट्या भागांच्या सूचीत क्रमांक पाहण्याऐवजी जुना बोल्ट समोर धरून नजरेने नवा निवडला होता. अनुभव आणि चालू कागदपत्र यांपैकी कोणावर कधी भर द्यायचा, ही सवय अंगी बाणवणे प्रशिक्षकाच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि माझ्या मते तो अभ्यासक्रमाच्या तक्त्यात पुरेसा दिसत नाही.

विमान तेच, इंजिन वेगळे: तरी रेटिंग वेगळे का?

परवान्यावरची नोंद फक्त विमानाची नसते, ती विमान आणि इंजिन यांच्या जोडीची असते. सीएफएम५६ इंजिनच्या ए३२० चे रेटिंग असलेल्या अभियंत्याला त्याच ए३२० वर लीप-१ए किंवा पीडब्ल्यू११००जी इंजिन असेल तर सही करता येत नाही. बोइंग ७३७ च्या मागच्या पिढीचे रेटिंगही मॅक्स विमानांना लागू होत नाही.

बाहेरून ही इंजिने सारखी दिसत असली, तरी आतून ती फार वेगळी आहेत. पीडब्ल्यू११००जी मध्ये पुढचा मोठा पंखा आणि त्याला फिरवणारा टर्बाइन यांच्यामध्ये साधारण ३:१ प्रमाणाचा गिअरबॉक्स आहे, त्यामुळे दोघांनाही आपापल्या सोयीच्या वेगाने फिरता येते. लीप इंजिनात असा गिअरबॉक्स नाही. गिअरबॉक्स आला की त्याचे वंगण, त्यातल्या धातूच्या कणांवर ठेवायची नजर आणि तपासणीची पद्धत हे सगळे नव्याने शिकावे लागते. अशा वेळी पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करण्याची गरज नसते. फक्त फरकांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यात काय आणि किती शिकवायचे, हे दोन्ही प्रकारांची तुलना करून ठरवतात.

नव्या पिढीच्या विमानांत काय बदलले?

बोइंग ७८७ हे याचे ठळक उदाहरण. बहुतेक जेट विमानांत इंजिनातून काढलेली गरम दाबयुक्त हवा केबिनला हवा पुरवते, पंखांवरील बर्फ वितळवते आणि दुसरे इंजिन सुरू करायलाही वापरली जाते. ७८७ मध्ये ही तिन्ही कामे विजेवर होतात, आणि ब्रेकही विजेवर चालतात. त्यासाठी प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएचे दोन जनरेटर आहेत, आणि शेपटीतल्या सहायक इंजिनावर २२५ केव्हीएचे आणखी दोन. नेहमीच्या ११५ व्होल्टऐवजी इथे मुख्य पुरवठा २३५ व्होल्टचा आहे. ज्याने वीस वर्षे हवेच्या नळ्यांतली गळती शोधली, त्याला इथे त्याच जागी उच्च विद्युतदाबाची यंत्रणा भेटते. ती हाताळण्याची शिस्त वेगळी आहे आणि तिथल्या चुकीची शिक्षा तत्काळ असते.

दुसरा बदल सांगाड्याचा. ७८७ आणि एअरबस ए३५० यांच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कॉम्पोझिटचा, म्हणजे राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंच्या थरांचा आहे. सामान चढवणाऱ्या वाहनाची धडक बसली, तर अॅल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो दिसतो. कॉम्पोझिटचा पृष्ठभाग जवळजवळ पूर्ववत होऊ शकतो आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. म्हणून कोणतीही धडक, कितीही किरकोळ वाटो, कळवलीच पाहिजे आणि ठरवलेल्या पद्धतीने तपासली पाहिजे, हे इथे पुन्हापुन्हा बजावले जाते.

वर्गाबाहेरचे शिक्षण

मोठ्या विमानांसाठी वर्गशिक्षणानंतरचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांहून कमी नसावे अशी अपेक्षा आहे. त्यात भागांच्या जागा ओळखणे, चाचण्या घेणे, भाग काढणे-बसवणे, बिघाड शोधणे आणि एमईएलचा वापर येतो. एमईएल म्हणजे कोणती गोष्ट बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती काळ उड्डाण करता येते याची मान्यताप्राप्त यादी. परवान्याच्या त्या वर्गातले हे पहिलेच रेटिंग असेल, तर याखेरीज अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखाली चालू विमानांवर ठरावीक कामे करून त्यांची नोंदवही भरावी लागते.

इतके सगळे करूनही चुका होतात, मग उपयोग काय, असे कोणी विचारेल. २४ मे २०१३ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ए३१९ विमानाच्या दोन्ही इंजिनांची आवरणे हीथ्रोहून उड्डाण करताना निखळून पडली. रात्री तेल तपासण्यासाठी ती उघडली होती. काम पूर्ण करायला परतलेले तंत्रज्ञ चुकून दुसऱ्याच विमानाकडे गेले, आणि आवरणांच्या कड्या न लावताच राहिल्या. या कड्या इंजिनाच्या पोटाखाली असतात. वाकून पाहिल्याशिवाय त्या उघड्या आहेत की बंद ते कळत नाही. टाइप ट्रेनिंग कड्या कुठे आहेत आणि कशा तपासायच्या ते शिकवू शकते. रात्रपाळीतला थकवा आणि अपुरे सोडलेले काम यांवरचा उपाय तेवढ्याने होत नाही. म्हणूनच मानवी चुकांचा अभ्यास मूळ परवान्यात आहे, सही करणाऱ्यांना दर दोन वर्षांच्या काळात उजळणी प्रशिक्षण आहे, आणि आधीच्या दोन वर्षांत किमान ६ महिन्यांचा देखभालीचा अनुभव नसेल तर परवान्याचे अधिकार वापरता येत नाहीत.

अमेरिकेत टाइप रेटिंग नाही, तिथे कसे चालते?

अमेरिकी मेकॅनिकच्या प्रमाणपत्रावर विमानाच्या प्रकाराची नोंद नसते, हे खरे आहे. परंतु जे काम पूर्वी समाधानकारकपणे केलेले नाही किंवा ज्याबद्दलच्या निर्मात्याच्या चालू सूचना समजलेल्या नाहीत, ते काम त्याला स्वतःच्या अधिकारात प्रमाणित करता येत नाही. शिवाय विमान कंपनीला देखभाल कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम ठेवावाच लागतो. युरोपात जी जबाबदारी परवान्यावर लिहिली जाते, ती अमेरिकेत मुख्यतः कंपनीवर टाकलेली आहे. विमानाचा तो प्रकार शिकण्याची गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

टंचाई पटकन का भरून निघत नाही?

मूळ परवान्याच्या परीक्षा आणि अनुभवाची वर्षे, मग बी१ साठी किमान २५ दिवसांचा वर्ग, प्रत्यक्ष प्रशिक्षण, पहिल्या रेटिंगसाठी चालू विमानांवरची नोंदवही आणि शेवटी संस्थेचे अधिकारपत्र, अशी ही वाट आहे. परीक्षेचा अर्ज आणि अधिकारपत्र यांमधला वेळ कार्यक्षमतेने कमी करता येईल, आणि तो करायलाच हवा. परंतु प्रत्यक्ष कामासाठी विमान उपलब्ध असावे लागते, आणि कमाईसाठी उडणारे विमान शिकण्यासाठी उभे करून ठेवणे कोणत्याही कंपनीला जड जाते. सिम्युलेशनवर आधारित साधनांमुळे यातली अडचण बरीच हलकी झाली आहे. हवा तो दोष हवा तेव्हा त्यांत निर्माण करता येतो, जे खऱ्या विमानावर शक्य नसते.

मला काळजी वाटते ती मोजमापाची. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या परीक्षेत ७५ टक्के मिळवलेला अभियंता यंत्रणेची रचना जाणतो एवढे सिद्ध होते. एकमेकांशी न जुळणारे तीन संदेश समोर असताना, विमान तासाभरात सोडायचे असताना, कोणती तार आधी तपासायची हे त्याला ठरवता येईल का, हे त्या गुणांवरून कळत नाही. ताफे वाढत असताना प्रशिक्षणाचे तास कमी करण्याचा आग्रह होईल तेव्हा सर्वांत आधी बिघाड शोधण्याच्या सरावालाच कात्री लागण्याची भीती आहे, कारण तो मोजायला सर्वांत कठीण आणि घडवून आणायला सर्वांत खर्चिक आहे. तो सराव वाढवून घेण्याचा आग्रह प्रशिक्षण संस्थांनी, नियामकांनी आणि स्वतः अभियंत्यांनी धरला पाहिजे.